माप न घेता शिवलेला डबा

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशातली छोटी मोजपट्टी काही सुटलेली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही पहिल्यांदाच नेरूळला आत्याकडे निघालो होतो. दुपारची वेळ, ठाण्याचा दहा नंबर फलाट, ट्रान्स-हार्बरची गाडी लागलेली आणि डबा निम्मा रिकामा. अप्पा दारापाशी आले आणि थांबले. काठी फलाटावर उभी धरली, डब्याची फरशी जिथे आली तिथे अंगठा ठेवला, मग काठी आडवी करून वीत लावली. पट्टी काढण्याइतका वेळ नव्हता. एक वीत, वर दोन बोटं. "घरात गवंड्यानं अशी पायरी केली असती तर दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावला असता," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर भार टाकून चढले.

आत बसल्यावर पट्टी निघालीच. त्यांनी बाक मोजलं, मनात तीननं भागलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बसतात किती?"

"चार."

"मग चारांचं का नाही केलं?"

मी हसलो, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. लोकलनं रोज जाणाऱ्याला चौथी सीट समजावून सांगावी लागत नाही. तिघं बसलेले असतात, चौथा येतो, "जरा सरका" म्हणतो, तिघं कुरकुरत इंचभर सरकतात आणि चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत असा तासभर जातो. एक पाय वाटेत, उभ्या माणसाची बॅग कानाशी. ही सोय कोणा इंजिनियरनं काढलेली नाही. प्रवाशांनी आपसात ठरवली, तिचे नियमही केले: चौथ्यानं पाठ टेकायचा हट्ट धरायचा नाही, खिडकीतला उतरला की सगळ्यांनी एकेक जागा आत जायचं. बाकाचं टोक जरा गोल असतं, त्याच्या हाताशी धरायला एखादी कडी असती, तरी त्याची फरफट पुष्कळ कमी झाली असती. पण कागदावर तो माणूसच नाही. कागदावर बाक तिघांचं आहे.

हे आत्ता लिहायचं कारण असं की लोकलचे डबे मोठ्या संख्येनं बदलायला निघाले आहेत. मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशननं २०२५ मध्ये २,८५६ वातानुकूलित डब्यांसाठी निविदा काढली, तीही ३५ वर्षांच्या देखभालीसह. बारा डब्यांच्या गाड्या धरल्या तर २३८ गाड्या होतात. आज कळव्याच्या शाळेत पहिलीत असलेली पोरगी चाळिशी ओलांडेपर्यंत याच डब्यांतून कामाला जाणार. तेव्हा पत्रा कापायला घेण्याआधी पूर्ण मापाचा एक नमुन्याचा डबा बनवावा, तो ठाण्यात किंवा नवी मुंबईत लोकांसमोर ठेवावा, आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना आत चढून, बसून, उभं राहून, धक्के खाऊन बघू द्यावं. आराखडा त्यानंतर पक्का करावा. शिंपीसुद्धा कापड कापण्याआधी माप घेतो, आणि त्याचा सदरा फार तर चार वर्षं टिकतो.

प्रवाशांचं मत रेल्वेपर्यंत पोचतच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पोचतं. फक्त फार उशिरा पोचतं आणि फार महाग पडतं.

मी कळव्याला राहतो, त्यामुळे पहिला दाखला घरचाच. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेनं एसी लोकलच्या दहा फेऱ्या वाढवल्या, पण त्या साध्या गाड्यांच्या जागी. त्यातली एक कळवा कारशेडमधून निघणारी. कळवेकरांच्या हक्काची म्हणावी अशी ती वेळ एके सकाळी एसीला गेली. १९ ऑगस्टला लोकांनी गाडी अडवली, पुढच्या दिवसांत बदलापूरलाही असंतोष उफाळला, आणि आठवडा उलटायच्या आत त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. बाहेरच्यांना वाटलं, कळवेकरांना थंड हवा नको. थंड हवा कोणाला नको असते? मे २०२२ मध्ये एसी लोकलचं एकेरी तिकीट निम्म्यानं उतरलं होतं, पण रोज जाणारा माणूस पासावर जातो आणि पास उतरला नव्हता. ज्याच्या खिशात साधा पास आहे, त्याच्या दृष्टीनं त्या सकाळी एक गाडी सरळ रद्द झाली होती. चार लोकांना फलाटावर आधी विचारलं असतं तरी हे कळलं असतं. वेळापत्रकात कोणती गाडी कोणाच्या जागी येते, हाही माझ्या मते डिझाइनचाच भाग आहे. डब्याचा आराखडा करणारे त्याला आपलं काम समजत नाहीत आणि वेळापत्रकवाले डबा आपला समजत नाहीत.

दुसरा दाखला कोर्टातला. ज्येष्ठ नागरिकांना गर्दीच्या वेळी लोकलमध्ये शिरता येत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि शेवटी लगेज डब्याचा एक भाग ज्येष्ठांसाठी काढायचं ठरलं. चांगलं झालं. पण त्याच लगेज डब्यातून तुर्भ्याच्या एपीएमसीतून पालेभाजीच्या जुड्या घेऊन ठाण्याला येणाऱ्या बायका जातात, दिवाळे गावच्या कोळणी पाट्या घेऊन जातात, डबेवाले जातात. म्हातारीची जागा कोळणीच्या जागेतून काढली. दोघींना एका बाकावर बसवून विचारलं असतं, तर त्यांनी कदाचित तिसराच तोडगा सुचवला असता. याचिकेत तशी सोय नसते. तिथे एक मागणारा असतो, एक देणारा, आणि ज्याचं जातं तो बहुतेक वेळा हजरच नसतो.

तिसरा दाखला लिहायला हात जड होतो. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा मृत्यू त्याच दिवशी झाला. त्याच दिवशी रेल्वेनं जाहीर केलं की नव्या बिगर-एसी लोकलला आपोआप बंद होणारी दारं येतील. हवा खेळण्यासाठी दारांना झरोके असतील, छतावर ताजी हवा आत ढकलणारी यंत्रं असतील, आणि गर्दी पसरावी म्हणून एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट असेल. तिन्ही गोष्टी मला पटतात. दारात उभं राहणारी सगळी पोरं काही हौसेनं उभी नसतात. दिव्याला, मुंब्र्याला जी गाडी येते ती आतून भरूनच येते, आणि मस्टर कोणाची वाट बघत नाही.

तरी काही प्रश्न असे आहेत की ते रोज त्या डब्यात असणाऱ्यालाच सुचतील. कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये गाडी उभी राहिली आणि वीज गेली, तर छतावरची यंत्रं किती वेळ चालतील? १९ ऑगस्ट २०२५ ला भर पावसात चेंबूरजवळ मोनोरेल अडकली तेव्हा आतल्या लोकांचा जीव कसा गुदमरला, ते सगळ्या मुंबईनं टीव्हीवर बघितलंय. दार आतून हातानं उघडायची कळ कुठे असेल, आणि गर्दीत अंग न वळवता तिथपर्यंत हात जाईल का? एका डब्यातून दुसऱ्यात वाट केली तर रात्री साडेअकराच्या लेडीज डब्याचं काय? हे प्रश्न विचारणारा माणूस सुधारणेच्या आड येत नसतो. त्याला त्याच दाराच्या आत उभं राहायचं असतं, एवढंच.

आधी विचारणं जगात कोणी केलंच नाही असंही नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या गावांना जोडणारी बार्ट नावाची रेल्वे १९७२ पासून चालते. तिच्या जुन्या डब्यांत जमिनीवर गालिचा आणि सीटवर लोकरीचं कापड होतं. दिसायला दिवाणखाना, पण चाळीस वर्षं लाखो लोक बसून गेल्यावर त्या कापडाचं काय होणार ते सांगायला नको. नव्या गाड्या घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रवाशांना विचारत विचारत काम पुढे नेलं. पाहणी केली, सीटचे नमुने लोकांना बसून बघायला ठेवले, आणि २०१४ मध्ये डब्याची पूर्ण मापाची प्रतिकृती गावोगाव मांडली. हजारो लोक आत जाऊन आले. पुसता येणाऱ्या सीट आल्या, प्रत्येक बाजूला दोनाऐवजी तीन दारं आली. दाराजवळच्या मोकळ्या जागेत मधोमध एक खांब होता. उभं राहणाऱ्यांना तो धरायला बरा, पण व्हीलचेअर वळवायला अडचणीचा. दिव्यांगांच्या गटानं हरकत घेतली आणि खांबाच्या जागेवर पुन्हा बसून विचार करावा लागला. नव्या गाड्या जानेवारी २०१८ मध्ये धावू लागल्या. मला त्यातला खांबाचा वाद सगळ्यात मोलाचा वाटतो. तो खांब हजार गाड्यांत बसवून झाल्यावर काढणं आणि लाकडी नमुन्यातून काढणं, यात किती फरक आहे ते अप्पांसारख्या टूलरूमवाल्याला विचारा.

अर्थात तिथली गर्दी आणि आपली गर्दी यांची तुलना करायची म्हणजे उल्हास नदी आणि खाडी एकच म्हणण्यासारखं आहे. आपल्याकडे गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेच्याच भाषेत नोंदलेलं आहे. त्यामुळे नेहमी एक उत्तर तयार असतं: आधी गाड्या वाढवा, मग कडी कुठे आणि खांब कुठे ते बघू. माझ्या डब्यातल्या ग्रुपमध्ये हा विषय काढला तेव्हा दहापैकी नऊ जण हेच म्हणाले. त्यांचं चुकत नाही. पण गाड्या वाढल्या तरी येत्या दहा-पंधरा वर्षांत आठ-चोवीसच्या गाडीत रांगोळी काढण्याइतकी जागा होणार नाही, आणि गर्दी असते तेव्हाच तर कडीची जागा मोलाची होते. रिकाम्या डब्यात खांब कुठेही असला तरी चालतो.

शिवाय याचा गाड्यांच्या संख्येशी थेट संबंध आहे. लोकल स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते. दारातला खांब चुकीच्या जागी असला, उतरणारे आणि चढणारे एकमेकांत अडकले आणि दर स्टेशनाला दहाच सेकंद जास्त गेले असं धरा. ठाणे-पनवेल ट्रान्स-हार्बरला मध्ये दीघा गाव ते खांदेश्वर १३ थांबे आहेत. झाली दोन मिनिटं दहा सेकंद. मागची गाडी त्यामुळे सिग्नलला, तिच्या मागची तिच्या मागे. आपोआप बंद होणारी दारं आल्यावर हे आणखी जाणवेल, कारण तेव्हा शेवटचा माणूस आत आल्याशिवाय गाडी हलणारच नाही. तेव्हा दाराजवळची ती चार हात जागा कशी असावी, हा सुखसोयीच्या यादीतला प्रश्न राहत नाही.

सोय म्हटलं की आपल्याला एसी आठवतो, चार्जिंगचा पॉइंट आठवतो. मला मधू दंडवते आठवतात. राजापूरचे खासदार, १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्या असायच्या. दंडवत्यांनी त्यांवर दोन इंच फोम घालायला लावला. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून, आणि पुढे गादीची फळी देशभर झाली. त्या दोन इंचांसाठी कुठलं नवं यंत्र लागलं नव्हतं. फळीवर दोन रात्री काढलेल्या माणसाची पाठ सकाळी कशी होते, हे खात्यात कोणीतरी मनावर घ्यावं लागलं, बस. आज त्या गादीवर झोपणाऱ्या कोणाला ती सोय वाटतही नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

लोकलमध्ये अशा दोन-दोन इंचांच्या गोष्टी किती आहेत! माझी एक सहकारी महाप्याला कामाला येते, उंची चार फूट दहा इंच. कोपरखैरण्याला उतरेपर्यंत ती कशाला धरते? "कोणाच्या तरी पर्सच्या पट्ट्याला," ती म्हणते, आणि हे ती गमतीनं सांगते. वरच्या कड्या तिच्यासाठी आकाशकंदील आहेत. लेडीज डब्यात सरासरी उंची कमी असणार हे समजायला पाहणी कशाला हवी? पण कड्यांच्या दोन ओळी, एक वर आणि एक खाली, लावल्या तर खालच्या कड्या उंच बाईच्या डोक्याला लागतील का, हे मात्र करून बघितल्याशिवाय कळणार नाही. फळीवर ठेवलेली बॅग सीटवरून दिसावी म्हणून फळी जाळीची असावी की सलग? पाण्याची बाटली गळली तर खाली बसलेल्याच्या डोक्यावर कोणती फळी कमी पाणी सांडेल? असल्या चर्चा लेडीज डब्यात रोज रंगतात, भाजी निवडता निवडता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधून आरती करणारे हे लोक आहेत. डबा त्यांनी कधीच आपला मानलाय. विचारायचं कोणाला, ही काही अडचण नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मला अप्पांमुळे कळली. नेरूळच्या त्या फेरीनंतर त्यांनी लोकल सोडली. आत्याकडे जायचं तर रिक्षा करतात, नाहीतर जातच नाहीत. मध्यंतरी एक मुलगी हातात टॅब घेऊन आमच्या डब्यात प्रवाशांची मतं विचारत होती. हसतमुख, चटपटीत. तिनं मला विचारलं, "काका, प्रवासाबद्दल समाधानी आहात का?" मी काहीतरी बोललो आणि ती पुढे गेली. अप्पांना ती कधीच भेटणार नव्हती. जो चढूच शकत नाही, त्याची गाठ डब्यात कशी पडणार? जे कसेबसे निभावतात त्यांचीच मतं गोळा होतात, आणि त्यांच्या सरासरीवरून ठरतं की बरं चाललं आहे. व्हीलचेअरवरचा माणूस, पोटुशी बाई, दम्याचा म्हातारा, बाबागाडी घेतलेली आई: हे सगळे गर्दीच्या वेळी फलाटावर नसतात, म्हणून त्यांना गरजच नाही असा अर्थ निघतो. या लोकांना त्यांच्या घरी, कट्ट्यावर, ज्येष्ठ नागरिक संघात, फिजिओथेरपीच्या बाकावर जाऊन गाठलं पाहिजे.

दिव्यांग डबा हे यातलं सर्वांत जवळचं उदाहरण. फलाटावर तो डबा जिथे येतो तिथे टूं टूं असा आवाज करणारं यंत्र बसवलेलं असतं, म्हणजे अंध प्रवाशाला नेमकं तिथे उभं राहता यावं. साधी, स्वस्त आणि अचूक युक्ती. आवाजाच्या मागे कान लावून चालणाऱ्या माणसाला बघितलं की कळतं, हे ज्यानं सुचवलं त्याला फलाट नजरेशिवाय माहीत होता. आता त्याच डब्याचं दार बघा. अंध माणूस आवाजावरून दारापर्यंत येतो आणि चढतो. व्हीलचेअर त्याच दारापर्यंत येते आणि वीतभर खाली थांबते. २०१४ नंतर उच्च न्यायालयाच्या रेट्यानं फलाटांची उंची ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत नेली गेली, ती फटीत माणसं जाऊ नयेत म्हणून. जीव वाचले असतील, पण चाक चढत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्या एका डब्यात अजून साधारण दोन-तीनच प्रकारांची कल्पना केलेली दिसते. त्याच डब्यातून कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर बायकाही जाऊ शकतात. खारघरला टाटाचं केंद्र आहे, त्यामुळे हार्बरला केमो घेऊन परतणारी माणसं रोज असतात. त्यांना काय लागतं? डोकं टेकायला काहीतरी, आणि उलटी आली तर हाताशी एक पिशवीची खुंटी. हे मला एका पेशंटच्या नवऱ्यानं सांगितलं. कुठल्या नियमावलीत ते सापडेल असं वाटत नाही.

नवी मुंबईकरांना हा फरक एकाच दिवसात दिसतो. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते, ११ स्टेशनं, ११ किलोमीटर. मेट्रोचा फलाट आणि डब्याची फरशी एका पातळीत. गेल्या दिवाळीत अप्पांना मुद्दाम घेऊन गेलो. ते काठी टेकत आत गेले, थांबले, मागे वळून दाराच्या पट्टीकडे बघितलं आणि परत बाहेर आले. पुन्हा आत गेले. मागचा एक तरुण वैतागला. "काका, जायचंय की नाही?" अप्पा म्हणाले, "थांब रे, वीत लावायला काही सापडत नाहीये." कोणी म्हणेल मेट्रोचं सगळं नवं, लोकलचं दीडशे वर्षांचं जुनं, तिथे मालगाड्याही जातात, तुलना कशी करता? बरोबर आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती ठाण्यालाच आली, १४ डबे आणि ४०० माणसं घेऊन. तेव्हापासून स्टेशन जिथे आहे तिथेच आहे. २०२४ च्या मे-जूनमध्ये ठाण्याचा पाच नंबर फलाट जरा रुंद करायचा तर ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. फलाट हलवणं किती जड आहे ते तेव्हा सगळ्यांनी भोगलं. म्हणूनच जे सोपं आहे, म्हणजे अजून न बनलेला डबा, तिथे तरी हात आखडू नये. दिव्यांग डब्याच्या एका दारात आतून उलगडणारा छोटा उतार बसवता येईल का, तो वीस सेकंदांत उघडून मिटेल का, तो उघडणार कोण, गार्ड की सोबतचा माणूस: करून बघितल्याशिवाय यातल्या कशाचंच उत्तर मिळणार नाही.

आता कसं करायचं ते. मोबाइलवर एक फॉर्म फिरवायचा आणि हजारो उत्तरं आली म्हणून पाठ थोपटून घ्यायची, असं होऊ नये. त्यात माझ्यासारखे बोटं चालवणारेच भरतात. प्रदर्शनातही मांडू नये. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात लोक रविवारी सोफे आणि लोणची बघायला येतात, कामाच्या दिवसाचं अंग घेऊन येत नाहीत. ठाण्यात स्टेशनापासून पाच मिनिटांवर गावदेवी मैदान आहे, नवी मुंबईत वाशी आणि बेलापूर स्टेशनांसमोर सिडकोनं आखलेली भरपूर मोकळी जागा आहे. या स्टेशनांच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोनं, म्हणजे अखेर नवी मुंबईच्या जमिनीनं उचललेला आहे, तेव्हा महिनाभर तिथे डबा उभा केला तर गैर काही नाही. डब्याशेजारी खऱ्या उंचीचा फलाटही बांधावा, नाहीतर सगळी मजा जाते. सकाळी आणि संध्याकाळी, लोक कामावरून येताना उघडा ठेवावा. भाजीची पिशवी हातात असलेली बाई चढेल, लेकरू कडेवर असेल, कोळीण पाटीसकट येईल. कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांना बोलावून डबा खरोखर ठेचून भरावा आणि मग बघावं कोण कशाला धरतंय. सोबत रेल्वेचा एक इंजिनियर रोज उभा असावा, त्याच्या हातात वही असावी. गेली कित्येक वर्षं लोकलचे आराखडे आणि डबे लखनौ-चेन्नईला ठरत आलेत आणि त्यात चढतो डोंबिवलीचा माणूस. त्या दोघांनी एकदा एकमेकांसमोर उभं राहावं, याला मी तरी किंमत देतो. चेन्नईतल्या पेरांबूरच्या डबे बनवणाऱ्या कारखान्यातली माणसं त्यांच्या कामात तरबेज आहेत. आठ-चोवीसच्या गाडीत त्यांनी कधी चौथी सीट घेतली नसेल, एवढंच.

सगळंच मान्य करता येणार नाही. लोक दारं उघडी ठेवा म्हणतील, आणि ते ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकं काढून टाका म्हणणारे असतील, तिसऱ्या बाकाची मागणी करणारेही असतील, कदाचित एकाच कुटुंबातले. फर्स्ट क्लासवाले फर्स्ट क्लासपुरतं बोलतील. प्रवासी संघटनांच्या बैठकांना मी गेलो आहे. तिथे पुरुष बोलतात आणि पासधारकच बोलतात. पण महिना संपल्यावर एक कागद निघावा: अमुक सूचना घेतली, तमुक घेतली नाही, आणि न घेण्याचं कारण हे. नाकारल्याचं कारण मिळालं की माणूस रागावतो, पण रुळावर उतरत नाही. निदान कळव्यातला तरी नाही. मी त्या आठवड्यात फलाटावर होतो आणि लोक काय बोलत होते ते ऐकलंय. "आम्हाला आधी कोणी सांगितलं?" एवढंच पुन्हापुन्हा.

गावदेवीला डबा उभा राहिलाच, तर अप्पांना रिक्षानं तिथवर आणायचं माझ्याकडे लागलं. पट्टी ते स्वतः आणतील, आणि कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलेली एक यादीही. पहिल्या ओळीत लिहिलंय, "बाक चारांचं." दुसऱ्या ओळीत एक वीत दोन बोटं असा आकडा आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह.